कॅम्परच्या सँडविच पॅनलसाठी फोम: आधी रेझिन ठरवा, मग फोम, जाडी शेवटी

घरी कॅम्पर बांधणाऱ्यांचं गणित बहुतेक वेळा एकाच जागी चुकतं. फोम आधी घरी येतो. गच्चीच्या इन्सुलेशनच्या कामातून उरलेल्या निळ्या नाहीतर गुलाबी शीट (एक्सपीएस फोम) स्वस्तात मिळतात, त्या वसईच्या किंवा भिवंडीच्या गाळ्यात रचून ठेवल्या जातात, आणि मग प्रश्न पडतो की यावर आता लावायचं काय. फायबरवाला रोज जे वापरतो तेच लावतो, म्हणजे पॉलिएस्टर रेझिन (हार्डनर घातल्यावर कडक होणारा द्रव). थोड्याच वेळात शीटमध्ये खड्डे पडायला लागतात.

दुसरी चूक लगेच दिसत नाही, म्हणून जास्त महागात पडते. फोम फक्त ‘गरम होऊ नये’ एवढ्यासाठी निवडला जातो. सँडविच पॅनल म्हणजे दोन पातळ, कडक थर (स्किन) आणि त्यांच्यामध्ये फोम (कोअर). त्यात फोम हा इन्सुलेशन नंतर असतो. आधी तो दोन स्किन एकमेकींपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवणारा भाग असतो. हे काम त्याला जमलं नाही तर पॅनल आतून सुटतं आणि बाहेरून महिनोन्‌महिने कळतही नाही.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पाचवा टप्पा पूर्ण होईपर्यंत एकही पूर्ण शीट विकत घेऊ नका.

टप्पा १: पॅनलची यादी करा आणि प्रत्येकाचं काम लिहा

एक कागद घ्या. भिंती, छप्पर, फ्लोअर, दार, मागचं झाकण, बेड, टेबल असं एकेक पॅनल लिहा आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी नोंदवा: यावर कोणी उभं राहणार का, यावर सतत वजन राहणार का, आणि यावर दिवसभर ऊन पडणार का.

हे कशासाठी, ते कळायला पत्त्यांचा कॅट हातात घेऊन वाकवून बघा. पत्ते एकमेकांवरून सरकतात म्हणून तो सहज वाकतो. तेच पत्ते एकमेकांना चिकटवले तर वाकणार नाही. पॅनल वाकताना वरच्या आणि खालच्या स्किनलाही असंच सरकायचं असतं, आणि त्यांना थोपवून धरतो तो मधला फोम. या सरकवणाऱ्या जोराला शिअर म्हणतात. फोमच्या डेटाशीटवर ‘शिअर स्ट्रेंग्थ’ हा आकडा असतो आणि कोअरसाठी पहिल्यांदा बघायचा आकडा तोच. गच्चीसाठी विकल्या जाणाऱ्या फोमच्या कागदावर तो बहुधा छापलेलाच नसतो. तिथे फक्त दाब सोसण्याची क्षमता आणि उष्णतेचा आकडा सापडेल.

यादी झाली की लक्षात येईल की एकच फोम सगळीकडे लावण्यात अर्थ नाही. भिंतीला फारसं काम नसतं, तिथे हलका फोम चालतो. छपरावर ऊन असतं, आणि कधीतरी कोणीतरी चढतंच. फ्लोअरवर टाचा पडतात. बेडवर रात्रभर वजन राहतं. दाराला बिजागरी आणि कडी असते, म्हणजे स्क्रू आले.

त्याच कागदावर एकूण वजनाची मर्यादाही लिहा. गाडीच्या पेलोडमधून (गाडी वाहू शकते त्या वजनातून) माणसं, पाणी, गॅस, बॅटरी वजा केल्यावर बॉडीसाठी जे उरतं ते. आणि आरटीओचा विषय आत्ताच मिटवून घ्या, पॅनल तयार झाल्यावर नाही. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चं बंधन आहे, आणि मोटर कॅरव्हानसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. पिकअपच्या हौद्यात ठेवायचा आणि पुन्हा उतरवता येणारा डबा करत असाल तरी आधी विचारून घ्या.

टप्पा २: रेझिन आणि स्किन ठरवा

रेझिन ठरलं की फोमची यादी आपोआप छोटी होते. घरगुती कामात तीन वाटा असतात.

पहिली, ग्लास (म्हणजे फायबरग्लास) आणि पॉलिएस्टर. स्वस्त, कुठल्याही फायबरवाल्याला येणारी. पण पॉलिएस्टर आणि व्हिनिल एस्टर या दोन्ही रेझिनमध्ये स्टायरीन असतं, आणि स्टायरीन थर्माकोल आणि एक्सपीएस या दोघांनाही विरघळवतं. दोन्ही पॉलिस्टायरीनच आहेत. एकाचे मणी दिसतात, दुसऱ्याचे दिसत नाहीत, एवढंच. या वाटेने जायचं तर कोअर पफ, पीव्हीसी किंवा पेट फोमचाच हवा (हे तिन्ही काय, ते टप्पा ३ मध्ये).

दुसरी, ग्लास आणि इपॉक्सी. रेझिन पॉलिएस्टरच्या कितीतरी महाग, पण वरचे सगळे फोम चालतात आणि पकड जास्त चांगली मिळते. इथे एक गोष्ट हमखास चुकते: नेहमीची चॉप्ड स्ट्रँड मॅट इपॉक्सीबरोबर वापरली जाते. त्या मॅटमधले धागे ज्या बाइंडरने धरलेले असतात तो विरघळायला स्टायरीन लागतं. इपॉक्सीत स्टायरीन नाही, त्यामुळे मॅट ताठ राहते, नीट भिजत नाही आणि कोपऱ्यांवर उठते. इपॉक्सीसाठी विणलेलं किंवा शिवलेलं ग्लास कापड घ्या.

तिसरी, तयार स्किन. पातळ प्लाय, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा किंवा रेडिमेड एफआरपी (फायबरग्लास) शीट फोमवर चिकटवायची. इथे चुकतो तो गोंद. सनमायका, रेक्झिन चिकटवायला वापरतात तो टोल्यूइनच्या वासाचा रबरी गोंद एक्सपीएसला खातो. पांढरा सुताराचा गोंद फोम खात नाही, पण पत्रा आणि फोम यांच्यामध्ये तो वाळतच नाही, कारण पाणी बाहेर जायला वाटच नसते. इथे ओलाव्यावर सेट होणारा पीयू (पॉलियुरेथेन) गोंद किंवा इपॉक्सी लागते. पीयू गोंद वापरताना स्प्रे बाटलीने पाण्याचा अगदी हलका फवारा मारा, कारण दोन्ही बाजू बंद असल्या की त्याला हवेतला ओलावा मिळत नाही.

इशारा: ‘आधी ऑइल पेंटचा किंवा इपॉक्सीचा एक हात मारून घ्या, मग एक्सपीएसवर पॉलिएस्टर चालतं’ हा सल्ला सर्रास दिला जातो. मानू नका. त्या थरात सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं तरी स्टायरीन आत शिरतं आणि वर काहीही न दाखवता खाली पोकळी करतं. ऑइल पेंटमधला थिनर तर स्वतःच फोम खातो.

इशारा: पॉलिएस्टरचा कॅटॅलिस्ट (म्हणजे त्याचा हार्डनर) आणि कोबाल्ट (सेट होण्याचा वेग वाढवणारा) एकमेकांत थेट कधीच मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, मगच कॅटॅलिस्ट. दोन्हींची मापं वेगळी ठेवा.

तपासणी: फोमचा मुठीएवढा तुकडा आणि तुम्ही खरंच वापरणार तेच रेझिन घ्या. थोडं रेझिन हार्डनरशिवाय तुकड्यावर ओता आणि रात्रभर ठेवा. दुसऱ्या तुकड्यावर हार्डनर घालून ओता. सकाळी दोन्ही कापून आतून बघा. कड मऊ, चिकट किंवा खचलेली दिसली तर ती जोडी बाद. गोंद आणि प्रायमर यांचीही हीच चाचणी करा.

टप्पा ३: बाजारात काय मिळतं आणि त्याचं काय करायचं

थर्माकोल. सगळ्यात स्वस्त, गरम तारेने हव्या त्या आकारात कापता येतो. पॅकिंगवाला हलका थर्माकोल विसरा. कोअरसाठी किमान २० किलो प्रति घनमीटर घनतेचा ब्लॉक हवा. तुकडा मोडून बघा: तुटलेल्या कडेवर मणी फाटलेले दिसले तर ते नीट जुळलेले आहेत; मणी अख्खे सुटून हातात आले तर नको. मण्यांच्या फटींतून पाणी सावकाश शिरतं, आणि आपल्याकडच्या पावसात ‘सावकाश’ला चार महिने मिळतात. फक्त आतल्या पार्टिशनसाठी, इपॉक्सीबरोबर.

एक्सपीएस. घरगुती कॅम्परसाठी इपॉक्सीच्या वाटेवर मी हाच घेईन, निदान भिंतींना. घनता साधारण २८ ते ३८ किलो, पाणी फारच कमी पितो, कटरने स्वच्छ कापला जातो. दोष दोन. एक, त्याची मूळ पाठ इतकी गुळगुळीत असते की तिच्यावर काहीच नीट धरत नाही (याचा उपाय आठव्या टप्प्यात). दोन, ७० ते ७५ अंश सेल्सिअसच्या पुढे तो मऊ पडतो. शिवाय नव्या कोऱ्या शीटमधून काही काळ वायू निघत राहतो आणि तो स्किनखाली फुगे करतो. शीट आणून काही आठवडे मोकळ्या हवेत रचून ठेवणं बरं.

पफ. म्हणजे कडक पॉलियुरेथेन. पीआयआर हा त्याचाच जास्त उष्णता सोसणारा भाऊ. रीफर ट्रक (थंड माल नेणारे) आणि कोल्ड स्टोरेजच्या पॅनलमध्ये हाच असतो. पॉलिएस्टर त्याला काही करत नाही आणि इन्सुलेशन या सगळ्यांत उत्तम: ०.०२२ ते ०.०२६ वॅट प्रति मीटर केल्विन, एक्सपीएसचं ०.०३० च्या आसपास किंवा थोडं वर. म्हणून लोक तोच घेतात. त्याची मेख अशी की तो ठिसूळ आहे. बोट घासलं तर भुकटी हाताला लागते. स्किन चिकटते ती त्या वरच्या थराला, आणि कसारा घाटात किंवा गोवा हायवेच्या खड्ड्यांत गाडी थरथरत राहिली की नेमका तोच थर चुरा होतो. स्किन अख्खी, फोम अख्खा, मध्ये पिवळी पावडर. रीफर ट्रकमध्ये तो टिकतो कारण तिथे फोम दोन स्किनमध्येच फुगवून ओतलेला असतो किंवा कारखान्यात प्रेसखाली चिकटवलेला असतो. आपण कापलेली स्लॅब हाताने चिकटवतो, तिची गोष्ट वेगळी. घ्यायचाच असेल तर ४० किलो किंवा त्याहून जास्त घनतेचा घ्या, भिंती आणि छपरापुरता ठेवा, फ्लोअरला बिलकूल नाही.

क्रॉसलिंक्ड पीव्हीसी. बोटी बांधणाऱ्यांचा फोम. ६० ते ८० किलो घनता, पॉलिएस्टर आणि इपॉक्सी दोन्ही चालतात, आणि ८० किलोच्या फोमचं शिअर एक्सपीएसच्या चार-पाच पट. किंमत मात्र कित्येक पट. सगळा कॅम्पर याचा करू नका; फ्लोअर, बेड आणि दारापुरता ठेवा.

इथे मुंबईत एक गोंधळ ठरलेला. हार्डवेअरच्या दुकानात ‘पीव्हीसी फोम’ मागितलात की समोर सनबोर्ड येतो, बोर्ड लिहायला आणि किचनच्या कपाटांना वापरतात तो. नाव तेच, माल वेगळा. त्याची घनता ५०० किलोच्या वर. २५ मिमी जाडीत एका चौरस मीटरला साडेबारा किलोच्या पुढे. कोअर म्हणून निरुपयोगी.

पेट फोम. पवनचक्कीच्या पात्यांत वापरतात तो. ८० ते १०० किलो किंवा जास्त घनता, उष्णता १०० अंशांपर्यंत आरामात सोसतो, स्टायरीनला दाद देत नाही. उघड्या पेशी रेझिन जास्त पितात, त्यामुळे तयार पॅनल अंदाजापेक्षा जड होतं. छपरासाठी मिळाला तर उत्तम.

मऊ, पांढरा, गुंडाळता येणारा ईपीई फोम कोअर नव्हेच. तो टीव्हीच्या खोक्यात शोभतो.

टप्पा ४: ऊन

मुंबईत गाडी सावलीत उभी राहील असं धरून चालू नका. सोसायटीचं पार्किंग बहुतेक ठिकाणी उघडंच असतं. एप्रिल-मे महिन्यात काळा किंवा गडद रंगाचा पृष्ठभाग ७० अंशांच्या पुढे सहज जातो, आणि एक्सपीएसची मर्यादा तिथेच संपते. फोम मऊ पडला की स्किन लाटेसारखी उठते, रात्री थंड झाल्यावर परत बसते, आणि रोज असं होत राहिलं की सुटते.

म्हणून एक्सपीएस वापरणार असाल तर छप्पर पांढरं. क्रीम चालेल. ऑलिव्ह ग्रीन आणि मॅट ब्लॅक छान दिसतात हे खरं, पण मग कोअर पेट किंवा पीआयआर घ्या.

तपासणी: थर्मामीटर नसेल तर रंगवलेला नमुना दुपारी १ ते ३ उन्हात ठेवा आणि तळवा टेकवून बघा. दोन सेकंदही हात ठेवता येत नसेल तर तो रंग एक्सपीएसवर नको.

टप्पा ५: घनता आणि जाडीचा हिशेब

इथे थोडं गणित आहे, पण ते वगळलं की फ्लोअर खचतो.

दाबापासून सुरू करू. ८० किलोचा माणूस एका टाचेवर उभा राहिला तर टाचेचं क्षेत्र ३५ ते ४० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दाब सुमारे २ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. एक्सपीएसची दाब सोसण्याची छापील क्षमता २०० ते ३०० किलोपास्कल, म्हणजे साधारण २ ते ३ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. १५ किलोच्या थर्माकोलची फक्त ०.७. आता नीट बघा: हा छापील आकडा फोम १० टक्के चेपला गेल्यानंतरचा असतो. २५ मिमीची शीट अडीच मिमी दबली, तेव्हाचा. सतत राहणाऱ्या वजनासाठी त्याच्या एक तृतीयांशच धरा.

म्हणून फ्लोअर बहुधा वाकून मोडत नाही, टाचेखाली चेपला जातो. पातळ ग्लासची स्किन वजन पसरवू शकत नाही. उपाय दोन: फ्लोअरला ८० किलोचा पीव्हीसी फोम घ्या (दाब क्षमता सुमारे १४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर), नाहीतर एक्सपीएसच ठेवून वरची स्किन ६ ते ९ मिमी मरीन प्लायची करा. प्लायवर आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या. दुसरा उपाय खूप स्वस्त, आणि घरगुती कामाला पुरतो.

जाडी. दोन्ही स्किनमधलं अंतर दुप्पट केलं की त्यांच्यामुळे येणारा ताठपणा जवळपास चौपट होतो. म्हणजे २५ च्या जागी ५० मिमी घेणं हे ग्लासचा आणखी एक थर चढवण्यापेक्षा कितीतरी फायद्याचं. भिंतींना २५ मिमी पुरतं. छपराचा मधला आधाराशिवायचा भाग मीटरभराहून मोठा असेल तर ४० किंवा ५० मिमी.

वजन. २५ मिमी एक्सपीएस, ३२ किलो घनता: चौरस मीटरला ०.८ किलो. तेवढाच ८० किलोचा पीव्हीसी: २ किलो. फरक १.२ किलो. १५ चौरस मीटरच्या बॉडीत १८ किलो. आता स्किन बघा. चौरस मीटरला ६०० ग्रॅमचं कापड हाताने भिजवलं तर जवळपास तेवढंच रेझिन घेतं, म्हणजे एका बाजूला १.२ किलो, दोन्हींना २.४. मॅट वापरली तर रेझिन मॅटच्या दुप्पट ते अडीचपट. वजन खरं चढतं ते रेझिनमुळे. फोमची घनता चार-पाच किलोंनी कमी करण्यात दिवस घालवण्यापेक्षा जास्तीचं रेझिन रोलरने नीट काढा.

टप्पा ६: खरेदी

फोम इन्सुलेशनच्या घाऊक व्यापाऱ्याकडून, वॉटरप्रूफिंगवाल्याकडून नाही. रोलर, ब्रश, हातमोजे, क्लॅम्प यांसाठी मुंबईतली नागदेवी स्ट्रीट. रसायनांसाठी मस्जिद बंदरच्या गल्ल्या आहेतच. हार्डनर मात्र रेझिनबरोबर त्याच कंपनीचा घ्या, गुणोत्तर कागदावर लिहून घ्या आणि वजनाने की मापाने हे विचारून घ्या. दोन्ही एक नसतं.

दुकानात जाताना खिशात छोटा डिजिटल वजनकाटा न्या. १० बाय १० बाय ५ सेंटिमीटरचा तुकडा मागा. त्याचं ग्रॅममधलं वजन दुप्पट केलं की घनता मिळते: १६ ग्रॅम भरला तर ३२ किलो. ‘शेठ, ३२ ची म्हणालात, ही तर २४ ची भरतेय’ एवढं एक वाक्य बोललात की आतून दुसरा गठ्ठा निघतो. ५० मिमीऐवजी २५ मिमीची शीट असेल तर दोन तुकडे एकत्र ठेवा.

जाडी चार कोपऱ्यांवर कॅलिपरने मोजा. दोन शेजारच्या शीटमध्ये एक मिमीचाही फरक असेल तर पॅनलवर ती रेघ रंगानंतरही दिसेल. एक्सपीएस बहुधा १२५० बाय ६०० मिमीच्या शीटमध्ये येतो, तेव्हा सांधे येणारच. एकाच गठ्ठ्यातल्या शीट मागा. आणि वाहतुकीला टेम्पोच करा. शीट हलकी असली तरी कोपरा एकदा दबला की दबला.

टप्पा ७: नमुना पॅनल करा आणि मोडा

हा टप्पा गाळण्याचा मोह सगळ्यांना होतो. ६० बाय ३० सेंटिमीटरचं एक पॅनल, अगदी खऱ्या कामाच्याच सामानाने आणि त्याच पद्धतीने करा. पूर्ण सेट होऊ द्या, निदान आठवडाभर. मग १० सेंटिमीटर रुंदीची एक लांब पट्टी कापून वाकवण्याच्या चाचणीसाठी बाजूला ठेवा आणि सोलण्याची चाचणी उरलेल्या भागावर करा.

सोलणं: एका कोपऱ्यात पातळ पटाशी घालून स्किन उचला. स्किनच्या पाठीला फोमचा थर चिकटून आला तर पकड फोमपेक्षा मजबूत आहे, हेच हवं. स्किन स्वच्छ, चकचकीत सुटली तर घासाई कमी पडली. पिवळी भुकटी दिसली तर पफ बदला.

वाकवणं: पट्टी ५० सेंटिमीटर अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवा. मध्यभागी एक रुंद लाकडी फळी आडवी ठेवून तिला २० लिटरचा भरलेला जार टांगा. फळीशिवाय टांगलात तर दोरीच फोममध्ये रुतेल आणि चाचणीचा काही अर्थ राहणार नाही. रात्रभर ठेवा. सकाळी जार काढा आणि पट्टीखाली पोलादी पटरी धरा. जवळपास सरळ झाली तर ठीक. दोन-तीन मिमीचा बाक राहिला तर हा फोम बेडला नको.

पाणी: दुकानातून आणलेला तो ५०० घन सेंटिमीटरचा तुकडा वजन करून बादलीत वीट ठेवून दोन दिवस बुडवा. बाहेर काढून पुसा, पुन्हा वजन करा. १० ग्रॅमपेक्षा जास्त वाढ असेल तर बाहेरच्या पॅनलसाठी तो फोम नको.

टप्पा ८: फोमची तयारी

एक्सपीएसची गुळगुळीत पाठ दोन्ही बाजूंनी काढा. ४० किंवा ६० नंबरचा पॉलिश पेपर सपाट लाकडी ठोकळ्याला लावून घासा, चमक पूर्ण जाईपर्यंत. शीट तिरकी धरून खिडकीच्या उजेडात बघा. चकाकणारे ठिपके राहिले असतील तिथे रेझिन धरणार नाही. धूळ व्हॅक्यूमने काढा. थिनर किंवा अ‍ॅसिटोनच्या फडक्याने कधीच नाही, फोम जागेवर विरघळेल. घासताना मास्क लावा. पफची भुकटी घशात फार बोचते.

सांधे विटांसारखे सरकवून जुळवा, चार कोपरे एका जागी येऊ देऊ नका. फटी इपॉक्सी आणि मायक्रोबलूनच्या (बारीक पोकळ गोळ्यांची पावडर) हलक्या पुट्टीने भरा.

आता स्क्रूच्या जागा. फोममध्ये स्क्रू धरत नाही, कितीही लांब घेतलात तरी. बिजागरी, खिडकी, कडी, रूफ व्हेंट, बेडचे आधार या प्रत्येक जागी फोम कापून काढा आणि त्याच जाडीचा मरीन प्लाय बसवा, चारी बाजू इपॉक्सीने सील करून. हे स्किन लावायच्या आधी करायचं आणि जागा मोजून फोटो काढून ठेवायच्या, नाहीतर नंतर भिंतीवर टकटक करत शोधत बसाल. नंतर एखादा स्क्रू वाढलाच तर मोठं भोक पाडा, आतला फोम थोडा उकरा, घट्ट इपॉक्सी भरा, सेट झाल्यावर त्यात स्क्रूचं भोक पाडा.

इशारा: अशा खळग्यात मे महिन्यात एकदम भरपूर इपॉक्सी ओतू नका. सेट होताना ती स्वतः तापते आणि आजूबाजूचा एक्सपीएस वितळवते. थोडी थोडी, दोन-तीन वेळा भरा.

गॅसच्या शेगडीमागे उघडं फोमचं पॅनल नको. वितळणारा फोम आग पसरवतो आणि पफचा धूर विषारी असतो. एफआर (आगीला सहज न धरणारा) ग्रेड मागा, आणि तरीही तिथे मध्ये हवेची फट ठेवून पत्रा लावा.

टप्पा ९: स्किन लावण्याचा मुहूर्त आणि क्रम

जून ते सप्टेंबर ग्लासचं काम करू नका. ओलावा कापडात शिरतो, आणि इपॉक्सीवर मेणासारखा थर येतो. त्यावर पुढचा हात मारला तर तो साल निघावी तसा निघतो. करावंच लागलं तर प्रत्येक थरानंतर पाणी आणि स्क्रबरने धुवा, वाळवा, मग घासा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरा काळ. मेमध्ये उलटी अडचण: दर १० अंश वाढीला रेझिनचा हातातला वेळ साधारण निम्मा होतो. सकाळी लवकर सुरू करा, लहान डब्यांत कालवा, आणि कालवलेलं लगेच उथळ ट्रेमध्ये पसरा.

काम गाळ्यात करा. स्टायरीनचा वास सोसायटीच्या पार्किंगमधून तिसऱ्या मजल्यावर पोचतो आणि सेक्रेटरी दुपारच्या आत खाली येतो.

क्रम असा. सपाट टेबलावर पॉलिथिन अंथरा. फोमवर आधी घट्टसर इपॉक्सीचा पातळ हात द्या, उघड्या पेशी भरतील एवढाच. तो चिकट असतानाच कापड टाका आणि भिजवा. रोलर मधून कडेकडे. वर पील प्लाय (सेट झाल्यावर सोलून काढायचं कापड), त्यावर पॉलिथिन, त्यावर सपाट प्लाय आणि वाळूच्या पिशव्या, वजन सगळीकडे सारखं. फ्रिजच्या जुन्या कॉम्प्रेसरने व्हॅक्यूम ओढणार असाल तर एक्सपीएसला अर्धा बार पुरे. हलका थर्माकोल तेवढ्यानेही चेपला जाऊ शकतो. दुसरी बाजू शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उरका. एकच बाजू करून पॅनल आठवडाभर भिंतीला टेकवून ठेवलं की ते वाकतं, आणि मग सरळ होत नाही.

इपॉक्सीवर शेवटी पॉलिएस्टरचा जेलकोट (बाहेरचा रंगीत थर) चढवू नका, तो भरवशाने धरत नाही. दोन घटकांचा पीयू पेंट मारा.

तपासणी: महिनाभराने आणि मग पहिल्या पावसानंतर सगळ्या पॅनलवर पाच रुपयांचं नाणं वाजवत फिरा. आवाज टणक असेल तर पकड शाबूत आहे. आवाज बद्द झाला की तिथे पेन्सिलने गोल करा. गोल तळहाताहून लहान असेल तर दोन टोकांना ३ मिमीची भोकं पाडा, एका भोकातून सिरिंजने पातळ इपॉक्सी सोडा, दुसऱ्यातून बाहेर येईपर्यंत, आणि वर वजन ठेवा. त्याहून मोठा असेल तर ती स्किन कापून काढा आणि आतला फोम बघा. ओला असेल तर कोरड्या फोमपर्यंत मागे कापत जा. नवा तुकडा त्याच घनतेचा बसवा, म्हणून मूळ कामातली एक शीट पॉलिथिनमध्ये गुंडाळून, तिच्यावर मार्करने घनता, रेझिनचं नाव आणि गुणोत्तर लिहून गाळ्यात राखून ठेवा.